मिनी ट्रॅक्टरला केबिन बसवताना: थंडीतल्या फवारणीसाठी

ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे पन्नास-साठ दिवस आमच्या नान्नजच्या पट्ट्यात द्राक्षवाल्यांच्या घरात कुणी पुरती झोप घेत नाही. पहाटे साडेचारला ब्लोअरची, म्हणजे पंख्याच्या जोरानं औषध उडवणाऱ्या फवारणी यंत्राची, टाकी भरायची, पाचला बागेत शिरायचं आणि वारं उठायच्या आत दोन टाक्या मारून बाहेर पडायचं. इथं माळढोकचं माळरान शेजारी, त्यामुळे वाऱ्याला आडकाठी नाही. एकदा सुटलं की औषध वेलीवर कमी आणि चालवणाऱ्याच्या अंगावर जास्त. ‘सोलापुरात कसली आली थंडी’ म्हणून पाहुणे हसतात. त्यांना एकदा डिसेंबरात दवानं निथळणाऱ्या बागेत, पाठ ओली घेऊन, उघड्या ट्रॅक्टरवर बसवावं.

म्हणून तीन वर्षांपूर्वी मी मिनी ट्रॅक्टरला केबिन करायला घेतली. आण्णांनी सांगाडा बघितला आणि विचारलं, “ट्रॅक्टर करालास का देव्हारा?” पहिली केबिन खरोखर देव्हाऱ्यासारखीच झाली, दिसायला देखणी आणि कामाला कुचकामी. दुसरी जमली. त्या दोन्हींतून जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो. माझा ट्रॅक्टर २४ एचपीचा, तीन सिलिंडरचा, मागे ब्लोअर. तुमचा १८ किंवा २८ एचपीचा असला तरी पद्धत तीच, मापं तेवढी तुमची.

आधी बाग मोजा, मग ट्रॅक्टर

लोक उलट करतात. ट्रॅक्टर फॅब्रिकेशनच्या शेडवर नेऊन उभा करतात, मिस्त्री तिथंच टेप लावतो आणि केबिन ‘ट्रॅक्टरला’ फिट बसते. बागेत ती बसते का, हे पहिल्या फेरीत कळतं, तेव्हा काड्या मोडलेल्या असतात.

बाग मांडवाची, म्हणजे डोक्यावर तारांचं आडवं छत असलेली, असेल तर पूर्ण केबिनचा विचार सोडूनच द्या. मांडवाखालून जाताना आपण रोल बारसुद्धा (चालवणाऱ्यामागची लोखंडी कमान) आडवा करतो, तिथं छप्पर कुठून जाणार? वाय अँगलच्या, म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारख्या खांबांवर वेली चढवलेल्या, बागेत जमतं, पण तिथंही फसगत होते. दोन ओळींत ९ फूट अंतर आहे म्हणजे ९ फूट जागा आहे असं नाही. वायचे हात दोन्ही बाजूंनी आत येतात. हाताचं टोक ते टोक ४ फूट धरलं तर वरच्या अंगाला मोकळी जागा उरते ५ फूट. त्यात लोंबणारे शेंडे वेगळे. म्हणजे खाली टायरपाशी ऐसपैस आणि खांद्याच्या उंचीवर अडचण. केबिन त्यामुळे खाली रुंद, वर निमुळती हवी आणि छपराचे कोपरे गोल हवेत. चौकोनी कोपरा तारेत अडकतो, गोल कोपरा सरकून जातो.

माप घ्यायची माझी रीत सांगतो. ट्रॅक्टरच्या सीटमागे दोन बांबू उभे बांधा, वर आडवा बांबू टाका, कोपऱ्यांना पोत्याचं कापड गुंडाळा आणि बागेतून सगळ्यात अरुंद ओळीत एक फेरी मारा. ओळीच्या शेवटी वळताना ताण देणाऱ्या तारा असतात, तिथं खास बघा. जिथं बांबू घासला तिथं सांगाड्याचं माप दोन इंच आत घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. पहिल्या वेळी मी ते केलं नव्हतं.

डाळिंबात अंतर बहुतेक ठिकाणी १४ बाय १० फूट असतं, त्यामुळे रुंदीला त्रास नाही. पण डाळिंबाला काटे असतात. पातळ प्लास्टिकचे पडदे एका हंगामात चिंध्या होतात.

कोणती केबिन करायची

तीन प्रकार आहेत. पहिला, छत्री आणि बाजूला पारदर्शक पीव्हीसीचे पडदे. हलका, स्वस्त, दोन तासांत चढतो, आणि आपल्या उन्हात दोन वर्षांत पिवळा पडून कडक होतो. ज्याची बाग एक-दीड एकर आहे त्यानं एवढंच करावं, पुढचं वाचून डोकं शिणवू नये.

दुसरा, अर्धी केबिन. पुढे काच, मागे काच, वर छप्पर, बाजू उघड्या किंवा पडद्याच्या. ब्लोअर मागे असतो, त्यामुळे मागची काच हीच खरी ढाल. शेजारच्या शिवारात मी अशा दोन पाहिल्यात, बऱ्या चालतात.

तिसरा, दारं-काचांसकट पूर्ण बंद केबिन. मी हीच केली आणि खालचं सगळं हिच्याबद्दल आहे. पण ती करायच्या आधी एक गोष्ट मनात पक्की करा. गावातल्या शेडवर बनलेली केबिन तुषार अडवते, विषारी वाफ अडवत नाही. युरोपात ईएन १५६९५ म्हणून मानक आहे. त्यात केबिनचे चार वर्ग पाडलेत: पहिल्यात संरक्षण काहीच नाही, दुसऱ्यात धूळ अडते, तिसऱ्यात धूळ आणि तुषार, चौथ्यात धूळ, तुषार आणि वाफ तिन्ही. चौथ्या वर्गाला आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राखावा लागतो आणि कार्बनचा योग्य फिल्टर लागतो. आपली केबिन त्या वर्गातली नाही, मिस्त्री काहीही म्हणो. तेव्हा केबिन आली म्हणून मास्क खुंटीला टांगायचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते कुणी विसरू नये.

वजनाचा हिशेब

मिस्त्रीकडे जायच्या आधी हा हिशेब कागदावर करा. ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप मीटरला साधारण २.४ किलो भरतो. त्याच मापाचा ३ मिलिमीटरचा साडेतीन किलो. मिस्त्री हमखास ‘जाड टाकू, मजबूत होईल’ म्हणणार. त्याला हो म्हणू नका. १ मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला जवळजवळ ८ किलो, ५ मिलिमीटर काच साडेबारा किलो, ४ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) पाचाच्या आत.

माझा सांगाडा १६ मीटर पाईपचा, म्हणजे ३८ किलो. दारांच्या चौकटी २५ मिलिमीटरच्या हलक्या पाईपच्या, १२ किलो. छपराचा पत्रा १०, चारही बाजूंच्या काचा मिळून ३९, टेकूच्या प्लेटा १२, रबर, पंखा, दिवे वगैरे १०. बेरीज १२० किलोच्या आसपास. आणि हे वजन जमिनीपासून उंचावर, डोक्याशी. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य वर सरकतो, बांधावरून उतरताना तो पहिल्यासारखा वागत नाही. ताली ओलांडून बागेत जावं लागत असेल तर हा मुद्दा पहिल्या क्रमांकाचा. चाकांची रुंदी वाढवता येत असेल आणि ओळीत बसत असेल तर एक खाच बाहेर घ्या. पुढची वजनं काढून ठेवली असतील तर परत लावा, कारण मागे भरलेल्या टाकीचं वजन लिटरला एक किलोनं आधीच आहे.

टेकू कुठं द्यायचा

आता पहिल्या केबिनची गोष्ट. ज्याच्याकडे केली त्यानं चार पाय थेट मडगार्डवर आणि पायदानाच्या पत्र्यावर बोल्टनं आवळले. दिसायला एकदम साफ काम. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, जानेवारीत भुरी रोगाच्या फवारणीला निघालो तर मागून ‘टक टक’ आवाज. खाली उतरून बघतो, तर उजव्या मडगार्डला बोल्टाच्या भोकापासून वीतभर चीर. पत्रा वरखाली होत होता, श्वास घेतल्यासारखा. मडगार्ड हे चिखल अडवायला असतं, शंभर किलो उचलायला नव्हे. तीन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर, त्यात ब्लोअरचा ५४० आरपीएमचा पीटीओ (ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा), पत्रा किती दिवस टिकणार?

केबिनचं वजन नेहमी ओतीव भागावर जायला हवं. ट्रॅक्टरच्या अंगावर तशा जागा तयार असतात. मागच्या अ‍ॅक्सलच्या ओतीव घरावर, रोल बार जिथं बसतो तिथं, चांगले मोठे बोल्ट असतात. पुढं क्लच हाउसिंगच्या किंवा चासीच्या दोन्ही अंगांना, लोडरसाठी म्हणून, कंपनीनंच आट्यांची भोकं सोडलेली असतात. बहुतेकांच्या ट्रॅक्टरवर ती ग्रीस आणि मातीनं बुजलेली असतात. डिझेलचा बोळा घेऊन पुसलंत की सापडतील. दोन मागे, दोन पुढे, असे चार टेकू घ्या.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. रोल बारला भोक पाडायचं नाही आणि त्याला वेल्डिंग करायचं नाही. उलटल्यावर जीव वाचवतो तो रोल बार, केबिन नव्हे. भोकानं आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याची ताकद जाते. त्याचा आधार घ्यायचाच असेल तर यू-बोल्टनं, मधे रबराची पट्टी घालून घ्या. रोल बार मोडून ठेवायचा प्रकारचा असेल तर केबिनच्या आत तो उभाच राहील अशी जागा सोडा. आणि सीटबेल्ट लावा. डब्यात बसून उलटलो तर आतल्या आत आपटतो.

टेकूच्या प्लेटा १० मिलिमीटरच्या, बोल्ट ८.८ ग्रेडचे. बोल्टाच्या डोक्यावर हा आकडा कोरलेला असतो, नसेल तर दुकानदाराला परत द्या. एम १२ बोल्टाला साधारण ८० न्यूटन-मीटर आवळण लागतं. टॉर्क पाना नसेल तर ४० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर २० किलोचा जोर, एवढं धरा. ट्रॅक्टरच्या मूळ भोकात बोल्ट लावत असाल तर मात्र पुस्तिकेतला आकडाच पाळा, ओतीव भागातल्या आट्या एकदा गेल्या की खर्च मोठा. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, घ्या. प्रत्येक टेकूवर प्लेट आणि केबिनच्या पायामध्ये इंजिनाला असतो तसला रबर माउंट घाला. टायर कापून केलेला तुकडा चालेल असं मिस्त्री म्हणतो. चालतो, दोन महिने.

सांगाडा

वेल्डिंग शक्यतो ट्रॅक्टरपासून लांब. पण टेकूची जागा अचूक यायला पहिले टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, ट्रॅक्टरवरच मारावे लागतात. त्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा आणि वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा जिथं टॅक मारताय त्याच तुकड्याला लावा. तो बंपरला अडकवून मागे वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगांतून जातो. डिझेल टाकी झाकायची गोणी ओली असू द्या.

टॅक मारून झाले की ओळंबा आणि गुण्या लावून बघा, आणि मग पुढचं वेल्डिंग सुरू करायच्या आधी ट्रॅक्टरवर बसून हे सगळं करून बघा. क्लच पूर्ण दाबा, गुडघा कुठं लागतो? गिअर प्रत्येक जागेत टाका, बोटांची पेरं पाईपवर आपटतात का? हायड्रॉलिकचा दांडा अगदी वरपर्यंत न्या. ब्लोअर जोडून पूर्ण उचला, टाकीचं तोंड किंवा टॉप लिंक (ब्लोअर जोडायचा वरचा दांडा) मागच्या काचेच्या जागेला शिवते का? ओढायचा ब्लोअर असेल तर वळण पूर्ण घ्या. स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा आणि पुढचं एक चाक चार विटांवर चढवून परत फिरवा, कारण पुढचा अ‍ॅक्सल झुलतो आणि सपाटीवर न लागणारं टायर खड्ड्यात केबिनच्या खालच्या कोपऱ्याला लागतं. बॉनेट उघडतं का? ऑइलची काडी निघते का? डिझेलच्या झाकणाशी कॅन पोचतो का? सीटखाली मागच्या ऑइलचं झाकण असतं, ते विसरलात तर पुढच्या ऑइल बदलाला केबिन उतरवावी लागेल. आमच्या शेजाऱ्यानं ती उतरवली आहे.

दारांबद्दल: ओळीत असताना दार बाहेर उघडत नाही, वेली आड येतात. म्हणून मागची काच अशी हवी की वरच्या बिजागरीवर पूर्ण उघडून माणूस तिच्यातून बाहेर पडू शकेल. हीच संकटातली वाट. दारांना उचलून काढता येतील अशा खुंटीच्या बिजागऱ्या लावा. दुपारी अकरानंतर दारं काढून झाडाला टेकवून ठेवता येतात, कारण आपल्याकडे पहाटे पारा १३-१४ वर असला तरी दुपारी ३० गाठतो आणि काचेचा डबा भट्टी होतो.

रंगाला कंजुषी करू नका. यामागचं कारण प्रत्येक द्राक्षवाल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बोर्डो हे बुरशीनाशक करताना आपण मोरचूद आणि चुना प्रत्येकी एक किलो शंभर लिटरला घेतो आणि मग विळ्याचं पातं बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला. तो थर म्हणजे मोरचुदातलं तांबं, आणि त्याच्या बदल्यात विरघळतं ते विळ्याचं लोखंड. केबिनच्या प्रत्येक सांध्यात हाच प्रयोग हंगामभर चालू राहतो. इपॉक्सी प्रायमर, वर दोन हात रंग, पाईपची तोंडं वेल्डिंगनं बंद, आणि उभ्या पाईपला तळाशी एक बारीक भोक, म्हणजे आत शिरलेलं पाणी उतरून जाईल.

काच

पुढची काच काचच हवी. पॉलिकार्बोनेटवर वायपर चार दिवस फिरला की चरे पडतात आणि समोर सूर्य आला की काही दिसत नाही. शिवाय ईसी प्रकारच्या, म्हणजे पाण्यात टाकल्यावर दुधासारख्या होणाऱ्या, औषधांत जे द्रावक असतं त्यानं पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. वजन वाचवायला मी बाजूंना ते वापरलं होतं, दुसऱ्या हंगामात धुरकट झालं, म्हणून आता चारही बाजूंना टफन, म्हणजे भट्टीत कडक केलेली, काच आहे. घरातली साधी काच लावायचा विचारही नको, फुटली तर सुऱ्या होतात.

टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही आणि तिला भोकही पडत नाही. म्हणून सांगाडा पूर्ण वेल्ड आणि रंग झाल्यावरच काचेचा फर्मा घ्या, प्लायवुडचा, वायपरच्या आणि कडीच्या भोकांसकट. चौकटीपेक्षा फर्मा चारी बाजूंनी ३ मिलिमीटर लहान. ऑर्डर देताना वाहनांच्या काचेवर असतो तो आयएस २५५३ चा शिक्का मागा. काच बसवताना रबर बीडिंगला साबणाचं पाणी लावा, दोरी खोबणीत घालून आतून ओढत या, पोरं लुनाचा टायर चढवतात तसं. धातू कुठंही काचेला उघडा लागू देऊ नका.

पुढची काच सरळ उभी लावण्यापेक्षा वरच्या अंगाला किंचित पुढं झुकवा. पहाटेच्या अंधारात आतल्या मीटरच्या दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यांत येत नाही.

वर चढवणं

शेडच्या मजबूत तुळईला चेन ब्लॉक लावा. चिंचेच्या फांदीला लावून केलेलंही मी पाहिलंय, फांदी निवडणाऱ्याच्या अनुभवावर सगळं अवलंबून. केबिन चार कोपऱ्यांना पट्ट्यांनी उचला, खालून ट्रॅक्टर मागे घ्या आणि हळूहळू उतरवा. टांगलेल्या केबिनखाली कुणीही डोकं घालायचं नाही, ‘जरा बोल्ट बघतो’ म्हणूनसुद्धा. चारही बोल्ट हातानं आट्यांत बसेपर्यंत एकही आवळू नका. नंतर कोपऱ्याविरुद्ध कोपरा असे आवळा.

फवारणीचे नळ आत आणू नका

हे वेगळं लिहितोय, कारण ही चूक हौसेनं केली जाते. ब्लोअरचा प्रेशरचा कॉक मागे असतो, बंद केबिनमधून हात पोचत नाही. मग लोक प्रेशरचा पाईप मागच्या भोकातून आत घेतात आणि कॉक सीटशेजारी बसवतात. तो पाईप एक दिवस फुटतो. बंद डब्यात, वीस-पंचवीस किलो दाबानं औषध तोंडावर. त्याऐवजी ब्लोअरवर १२ व्होल्टचा मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह बसवा, आत फक्त स्विच. तेही नको असेल तर लांब दांडा किंवा केबल घ्या. प्रेशर मीटर मागच्या काचेतून दिसेल असं वळवा, त्यावर रात्रीसाठी एक छोटा दिवा.

वायरिंग

आधी बेरीज. २७ वॉटचे चार एलईडी म्हणजे १०८ वॉट, भागिले १२, ९ अँपिअर. पंखा ८, वायपर ४. एकूण २१. अल्टरनेटरच्या पाटीवर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा, त्यातून ट्रॅक्टरचे मूळ दिवे वजा करा, उरलेल्यात २१ बसत नसतील तर दोन दिवे कमी करा. नाहीतर तिसऱ्या पहाटे ट्रॅक्टर ढकलायला माणसं गोळा करावी लागतील.

मुख्य वायर ४ चौरस मिलिमीटरची, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा फ्यूज, पुढे दिव्यांना आणि पंख्याला वेगवेगळे रिले. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट हवाच. थरथरीनं पत्रा वायरचं आवरण कापतो आणि शेजारी डिझेलची नळी असते. केबिन काढायची सोय म्हणून सगळ्या वायरी एकाच मल्टीपिन सॉकेटवर आणा.

समोरचे दिवे छपरावर लावू नका. दव आणि तुषारांत छपरावरचा प्रकाश परत डोळ्यांवर येतो, पांढरी भिंत दिसते. ते बॉनेटच्या बाजूला, खाली लावा. मागचे दोन मात्र छपराखालीच बरे, नोझल चालू आहेत का ते दिसतं.

हवा, धूर आणि आवाज

बंद केबिनमध्ये सगळ्यात घातक वस्तू औषध नसून इंजिनाचा धूर असू शकतो. क्लच-ब्रेकच्या दांड्यांभोवतीची भोकं, गिअरच्या दांड्याची खाच, पायदानाचे सांधे, या सगळ्यांतून तो आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं तर आपल्याला वाटतं जागरणानं. प्रत्येक भोकाला रबरी बूट किंवा रबर शीटची चीर दिलेली झडप लावा. सायलेन्सर उभा असेल तर त्याचं तोंड छपराच्या वर न्या आणि पंख्याची हवा घ्यायची जागा त्याच्या विरुद्ध बाजूला, वर ठेवा.

पंखा हवा आत ढकलणारा असावा, बाहेर ओढणारा नव्हे. आत ढकलला की फटींतून हवा बाहेर पळते आणि औषध आत येत नाही. बाहेर ओढला की प्रत्येक फट औषध आत खेचते. आधी कागदी फिल्टर, मग कार्बनचा. कार्बनचा फिल्टर कॉम्प्रेसरनं झटकून परत वापरता येत नाही. हंगाम संपला की फेकायचा.

एसी? करणारे करतात. पण कॉम्प्रेसरला दोन-तीन एचपी जातात आणि २४ एचपीत ब्लोअर ओढायचा असतो. आम्ही दारं काढतो.

आवाजाचं कुणी आधी सांगत नाही. उघड्या पत्र्याची केबिन ढोलासारखी घुमते, उघड्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त. छपराला आतून फोम आणि रेक्झिन, खाली जाड रबर मॅट, एवढं केल्यावर बोलणं ऐकू यायला लागलं.

चाचणी

रात्री आत बल्ब लावून दारं बंद करा आणि बाहेरून फिरा. जिथं उजेडाची रेघ दिसते तिथं फट. नंतर पंखा लावून आत बसा आणि उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळ धरा. धूर बाहेरच्या बाजूला ओढला गेला पाहिजे. एका जागी माझ्या तोंडाकडे आला, ब्रेकच्या दांड्यापाशी.

शेवटची चाचणी टाकीत साधं पाणी आणि मूठभर गेरू घालून. आत स्टिअरिंगवर, सीटच्या पाठीवर, दाराच्या आतल्या अंगाला पांढरे कागद चिकटवले आणि रोजच्यासारखी एक टाकी बागेत मारली. पहिल्या वेळी सीटमागच्या कागदावर गेरूचे अकरा ठिपके मोजले. मागच्या काचेच्या वरच्या बिजागरीतून येत होते. तिथं रबराची पट्टी लावली, परत टाकी मारली, कागद कोरा. हे औषध घालून करायचं नसतं.

पहिल्या दहा तासांनी सगळे बोल्ट परत आवळा, मग पन्नास तासांनी. रबर माउंट दबून बसतात, त्यामुळे पहिल्यांदा प्रत्येक बोल्ट पाव आटा तरी घेतोच. बोल्टाच्या डोक्यापासून प्लेटवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, सुटला तर लांबून दिसतो.

आणि वापरताना एक शिस्त. औषध मिसळताना घातलेले हातमोजे आणि ओला कोट घालून आत शिरायचं नाही. त्यासाठी बाहेरच्या बाजूला झाकणाचा डबा लावलाय. तसं केलं नाही तर स्टिअरिंगवर, सीटवर रोज थोडं थोडं साचतं आणि बंद केबिन उघड्या ट्रॅक्टरपेक्षा वाईट होते. आतून साबणाच्या पाण्यानं पुसणं आठवड्याला एकदा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. १२० किलो वाढले की रिकाम्या वजनाचा आकडा बदलतो. काम सुरू करायच्या आधी आरटीओत विचारा, सोलापूरकरांनी एमएच १३ ला, माळशिरस-अकलूजकडच्यांनी एमएच ४५ ला. वॉरंटी चालू असेल तर डीलरकडून आणि विमा कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी ‘काही होत नाही ओ’ हे अपघातानंतर कुणाला आठवत नाही.

काढून ठेवणं

फेब्रुवारी-मार्चात माल निघाला, की खरड छाटणीच्या आधी आम्ही केबिन उतरवतो. चार बोल्ट, एक सॉकेट, चेन ब्लॉक, दोन माणसं, दीड तास. उन्हाळ्यात ती ट्रॅक्टरवर ठेवण्यात अर्थ नाही. धुऊन, बिजागऱ्यांना ग्रीस लावून, विटांवर सपाट ठेवा. तिरकी ठेवली तर चौकट वाकते आणि सप्टेंबरात दार लागत नाही. टेकूच्या भोकांत जुने बोल्ट ग्रीस लावून फिरवून ठेवा, नाहीतर मातीनं बुजतात. आणि दारं नीट बंद करा. गेल्या वर्षी एक उघडं राहिलं, तर सीटवर कोंबडीनं नऊ अंडी घातली होती आणि आण्णांनी पिल्लं बाहेर पडेपर्यंत केबिनला हात लावू दिला नाही.